आमची वाटचाल : निम्मे तर कोंबडेच निघतात

गावरान पिल्लांच्या धंद्यात अंडी मोजून उबवणीच्या मशीनमध्ये लावता येतात, त्यातून माद्या किती निघतील ते मात्र हातात नसतं. शंभर अंडी लावली आणि छोट्या मशीनमध्ये त्यातली सत्तर-पंचाहत्तर फुटली, तर पस्तीस-सदतीस नर धरूनच चालायचं. पैदाशीला आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो. त्या पस्तिसांतले चार ठेवले तरी तीसेक कोंबडे जास्तीचे. पिल्लं विकायची म्हणून आम्ही हा उद्योग काढला. तो चालतोय मात्र या तीस कोंबड्यांचं काय करायचं ते मशीन भरायच्या आधी ठरतं म्हणून.

टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, असं अजूनही गिऱ्हाईक ठामपणे सांगतं. तसं काही नसतं. पक्ष्यांत पिल्लू नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं आणि अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं. मशीनचं तापमान वरखाली करून नर कमी करायचा उपाय कुणी सुचवला तर करू नये. नर तेवढेच राहतात, पिल्लं मात्र अंड्यातच मरतात. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ अंश तापमान, पहिले १८ दिवस साधारण ५५ टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. यात कोंबडे कमी करायची कोणतीही कळ नाही.

सुरुवात एक दिवसाची मिश्र पिल्लं विकण्यापासून झाली. हा सगळ्यात सोपा व्यवहार, आणि सगळ्यात जास्त तक्रारी त्यातच. अंड्यांसाठी वीस पिल्लं नेलेल्या घरात चार महिन्यांनी दहा कोंबडे बांग देत असतात, आणि फसवलं म्हणून दोष आपल्याला. गावरान पिल्लात पहिल्या दिवशी नर-मादी सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पंखाच्या पिसांवरची ओळख ठरावीक संकरातच चालते. विष्ठेच्या जागेवरून ओळखायला शिकलेला हात लागतो. नवख्याने दाबून पाहिलं तर पिल्लाच्या पोटातला बलक फुटतो. ऱ्होड आयलंड रेड नर आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक मादी असा संकर केला तर नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीला नसतो. मागणी असेल तेव्हा तेवढा घाणा आम्ही लावतो. पण त्यात ओळख पहिल्या दिवशी पटते इतकंच, कोंबडे काही कमी होत नाहीत. रस्त्यावर रंग देऊन विकायला येणारी स्वस्त पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीचे नरच असतात. ती अंडी देत नाहीत आणि अंगही धरत नाहीत.

म्हणून दुसऱ्या टप्प्यात एक दिवसाच्या पिल्लांऐवजी आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या वाढत्या माद्या, विकायला लागलो. पशुसंवर्धन विभागाच्या तलंगा गट वाटपात २५ माद्या आणि ३ नर असं प्रमाण असतं, घरच्या पाळणीला तेच धरावं. फक्त खायची अंडी हवी असतील तर एकही नर लागत नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, फक्त ती उबत नाहीत. हे सांगितल्यावर अर्ध्या गिऱ्हाइकांची कोंबड्याची मागणी तिथेच संपते.

नर वेगळे काढायचं काम आम्ही दोनदा करतो. पहिली नजर सातव्या-आठव्या आठवड्यात. पिल्लू डाव्या हातावर घ्यायचं, पाय बोटांत अडकवायचे आणि तुरा बघायचा. नराचा तुरा या वयात रुंद आणि लालसर झालेला असतो, मादीचा फिकट पिवळट. पायाची नळी नराची जाड. यात शंभरातली दहा-बारा चुकतात, कारण लवकर वयात येणाऱ्या मादीचा तुराही लाल होतो. दुसरी नजर बाराव्या आठवड्यात, तेव्हा चूक राहत नाही. शेपटीच्या अलीकडे कमरेवर हात फिरवून पिसं बाजूला करायची: नराला तिथे लांब, निमुळती, टोकदार, चकाकणारी पिसं फुटलेली असतात, मादीची गोल टोकाची. मानेवरही तोच फरक. कडकनाथमध्ये तुराच काळसर, त्यामुळे लाली बघून उपयोग नाही. तुऱ्याची उंची आणि कमरेची पिसं एवढ्यावरच भागवावं लागतं. कडकनाथ तलंगा म्हणूनच बाराव्या आठवड्याच्या आत विकत नाही. ज्यांना घाई असते त्यांना मिश्र म्हणूनच लिहून देतो.

नर ओळखू आले की त्याच आठवड्यात वेगळे. हे काम लांबवलं तर काय होतं ते कळपाच्या पाठीवर दिसतं. कोंबडे जास्त झाले की माद्यांची पाठ आणि डोक्यामागचा भाग उघडा पडतो, पंखाखाली नखांनी फाटलेल्या जखमा होतात, माद्या दिवसासुद्धा काठीवरून खाली उतरत नाहीत, पोट भरत नाही आणि अंडी घटतात. पंख उचलून बघितल्याशिवाय ती जखम दिसत नाही. पावसाळ्यात तिला माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात.

कोंबड्यांचं खुराडं माद्यांच्या नजरेआड हवं. शेजारी जाळी लावून ठेवले तर दिवसभर जाळीला धडका आणि आपसात मारामारी. माद्या दिसत नसल्या तर एकत्र वाढलेले पंचवीस-तीस कोंबडे बऱ्यापैकी शांत राहतात. बंद जागेत नगाला निदान तीन चौरस फूट, बाहेर फिरायला जमेल तेवढी मोकळी जागा. खाली भाताचं तूस तीन इंच, ओलं झालं की हलवायचं, नाहीतर रक्ती हगवण. खाद्याची आणि पाण्याची भांडी एकाच कोपऱ्यात ठेवू नयेत, दोन-तीन ठिकाणी विभागावीत. दांडगे कोंबडे भांडं अडवून बसतात आणि मागे पडलेल्यांचं वजन हाडावर येतं. या गटात नवीन कोंबडा एकटा कधीही सोडायचा नाही. सोडायचेच असतील तर तीन-चार एकदम, रात्री अंधारात काठीवर बसवायचे. एकदा बाहेर काढलेला कोंबडा आठवड्याने परत टाकला तर तो त्यांच्या लेखी परकाच.

खाद्याची चूक सगळ्यात महाग पडते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य नरांना घालू नये. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, कारण अंड्याचं कवच बनवायचं असतं. नराला एक टक्का पुरतं. उरलेलं मूत्रपिंडावर जातं. महिना-दोन महिन्यांनी नर सुस्त होतो, विष्ठा पांढरी चुन्यासारखी पडते; मेलेला उघडला की काळजावर आणि हृदयावर पांढरी भुकटी शिंपडल्यासारखी दिसते. आम्ही सहा आठवड्यांपर्यंत स्टार्टर (प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास) आणि पुढे ग्रोअर (१६ टक्के) देतो. बाराव्या आठवड्यानंतर ग्रोअरमध्ये तिसरा हिस्सा मका भरडा आणि तांदळाची कणी मिसळली तरी चालतं. नुसत्या कणीवर वाढवलेला कोंबडा मात्र पायानेच मोठा होतो. लसीकरणात नर म्हणून काटछाट नाही: पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस, चौदाव्याला गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात लासोटाचा बूस्टर, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची, आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी. विकायचाच आहे म्हणून लस चुकवलेला कोंबडा मानमोडीने जातो आणि जाताना पैदाशीचा कळपही घेऊन जातो.

आता तारखांचं. आमच्या धंद्याचं खरं गणित मशीनच्या डायलवर नसून पंचांगात आहे. गावरान कोंबडा विक्रीला यायला २० ते २२ आठवडे लागतात, वजन सव्वा ते दीड किलो. त्यानंतर तो दिवसाला साधारण १०० ग्रॅम खातो आणि वजन हळूहळूच वाढतं. सर्वांत मोठी मागणी आखाडाची, म्हणजे आषाढ अमावास्येपर्यंत. श्रावण लागला की उठाव थांबतो. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. कोकणात गौरीच्या तिखटाला, म्हणजे मांसाहारी नैवेद्याला, थोडे जातात, बाकी थेट दसऱ्यानंतर. अमावास्येला उरलेला कोंबडा निदान साठ दिवस बसून खातो: सहा किलो खाद्य, किलोला ३५ रुपये धरले तर २१० रुपये. एवढ्या पैशांत त्याचं मांस फारसं वाढत नाही, चिवट मात्र होतं.

म्हणून तारीख मागे मोजायची. २०२५ मध्ये आषाढ अमावास्या २४ जुलैला होती. तिथून २२ आठवडे मागे गेलं की २० फेब्रुवारी, ती पिल्लं फुटायची तारीख. आणखी २१ दिवस मागे ३० जानेवारी, ती अंडी लावायची. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे अमावास्या १२ ऑगस्टवर जाते आणि अंडी लावायची तारीख १८ फेब्रुवारी येते. मागच्या वर्षीच्या वहीतली तारीख तशीच उचलली असती तर कोंबडे तीन आठवडे आधी तयार होऊन खात बसले असते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि आषाढ अमावास्या १७ जुलैला, नेमकी सोमवारी. सोमवार पाळणारे आदल्या दिवशीच मोकळे झाले. रविवारी माल जागेवर नसेल त्याचा हंगाम गेला. वार बघायचा तो यासाठी. शिवाय सगळा माल एका तारखेवर लावायचा नाही. २०२० च्या सुरुवातीला कोरोनाच्या अफवेने चिकनची मागणी बसली, जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूच्या बातम्यांनी तेच झालं. आम्ही जास्तीत जास्त निम्मे नर आखाडाला लावतो, बाकीचे चैत्र-वैशाखातल्या जत्रांना आणि दिवाळीनंतरच्या थंडीला.

विक्रीत पुढचा टप्पा कोंबडा कापून, साफ करून द्यायचा होता, कारण शहरातल्या गिऱ्हाइकाला जिवंत कोंबडा नको असतो. अन्नसुरक्षेची नोंदणी त्यासाठी लागतेच. आदल्या रात्री खाद्य बंद, आठ ते दहा तास, पाणी मात्र चालू. गळ्याखालची खाद्याची पिशवी भरलेला कोंबडा कापला तर आतडं फुटून मांसाला वास लागतो. पाय बांधून उलटा लटकवायचा नाही. पत्र्याच्या नरसाळ्यात डोकं खाली करून ठेवला की फडफड थांबते आणि पंखात रक्त साकळत नाही. रक्त दोन ते तीन मिनिटं पूर्ण निथळू द्यायचं. पिसं काढायला पाणी ६० ते ६५ अंश, त्यात पाऊण ते एक मिनिट. उकळतं पाणी घेतलं तर कातडी शिजून पिसासोबत फाटते. दीड किलोच्या कोंबड्यातून साधारण एक किलो मांस हातात येतं, आणि हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं बरं. कापल्यावर लगेच शिजवला तर गावरान कोंबडा रबरासारखा लागतो. कडकपणा उतरायला एक रात्र फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. आठ महिन्यांपुढचा नर आम्ही रश्श्यासाठी म्हणूनच देतो, सुक्क्यासाठी मागितला तरी नाही म्हणतो.

पैदाशीचे नर आठव्या, सोळाव्या आणि चोविसाव्या आठवड्यात असे तीन चाळण्यांतून निवडतो. बोटं सरळ, छाती रुंद, आईची अंड्यांची नोंद चांगली आणि माणसावर न धावणारा. अंगावर येणारा नर कितीही देखणा असला तरी ठेवत नाही, त्याची पिल्लंही तशीच निघतात. दहाला एक नर आणि दोन गटांमागे एक राखीव. दर दोन वर्षांनी नर बदलायचे, नाहीतर बापलेकींचा संकर होतो. जुना नर काढल्यावर तीन आठवडे त्या कळपाची अंडी मशीनला लावत नाही. जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे तरी टिकतं. पायामागचा काटा वाढला की त्याचं टोक फक्त चिमूटभर नखं कापायच्या कात्रीने उडवतो. आत जिवंत भाग असतो, जास्त कापलं तर रक्त येतं. आलंच तर हळद दाबून धरायची.

झुंजीसाठी असील जातीचा किंवा दांडगा नर मागणारे फोन येतात. त्यांना विकत नाही. प्राणी झुंजवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

शहरात गच्चीवर किंवा सोसायटीत पाळणाऱ्यांना आम्ही नर देतच नाही. बांग चौथ्या महिन्यात सुरू होते आणि पहाटे चारला शेजारी उठतात. ज्यांच्याकडे आमच्याच मिश्र पिल्लांतून नर निघाला, त्यांच्याकडून तो परत घेतो, पण कळपात नाही. बाजारातून किंवा दुसऱ्या घरातून आलेला पक्षी आमच्या शेडमध्ये पाय ठेवत नाही. तो फाटकाबाहेरच्या क्रेटमध्ये थांबतो, त्याच दिवशी साफ होतो, आणि त्याच्या बदल्यात बारा आठवड्यांची एक तलंग देतो. फरकाचे पैसे त्या दिवशीच्या जिवंत वजनावर.