बाबांची चप्पल अन आईचा कूलर

मे महिन्यात नागपुरात घरी आलेला माणूस आधी कूलर लावतो, चप्पल मग काढतो. त्या दिवशी आई ऑफिसमधून आली, पर्स दिवाणवर टाकली अन तशीच बसून राहिली, कूलर बंद, पंखासुद्धा बंद, बाहेर रस्ता नुसता तापून राहिला होता. मला तिथंच कळलं की काहीतरी झालंय. आमचे चिरंजीव, म्हणजे लहान भाऊ, वय १७, तिच्यासमोरून फ्रिजपर्यंत गेले, बाटली तोंडाला लावली अन परत जाता जाता विचारलं, "आई, खायला काय आहे?"

मी भडकली. तर आईच म्हणे, "जाऊ दे गं, पोट्ट्यांना नाही समजत ते." हे वाक्य ऐकत मोठी झाली मी. पोरीला समजते ना, मग आजीचे गुडघे, मावशीचे रुसवे, आईचा मूड सगळं माझ्याच खात्यात.

पण खरी गंमत संध्याकाळी झाली. याला फुटाळा तलावावर जायचं होतं अन गाडीची किल्ली बाबांकडे. बाबा आले, हा दारातून एकदा पाहून मागे फिरला. म्हटलं, माग ना किल्ली. म्हणे, "आत्ता नाही, डोकं गरम आहे. एक चप्पल तिकडे, एक इकडे टाकली, पाहिली नाही का तू?" मग बरोबर दुसऱ्या चहानंतर गेला अन किल्ली घेऊन आला! म्हणजे माणूस वाचायची मशीन आहे हो अंगात, फक्त चालू कधी करायची ते साहेब ठरवतात.

मग रात्री झोप येईना तर दुसऱ्याच्या मनातलं पोरींना खरंच जास्त समजते का, यावर वाचत बसली. १९८३ मध्ये आयझेनबर्ग अन लेनन या संशोधकांनी तोवरचे अभ्यास तपासले होते. तुम्हाला दुसऱ्याच्या दुःखानं वाईट वाटतं का असं थेट विचारलं की बाया खूप पुढे, पण न सांगता चेहरा किंवा नाडीचे ठोके मोजले की फरक जवळपास गायबच. पटलं मला, कारण आमच्या पोट्ट्याला मित्रांसमोर असा फॉर्म दिला तर तो मेला तरी 'हो' वर टिक नाही करणार. सगळंच काही बनावट नाही म्हणा, नुसते डोळ्यांचे फोटो पाहून भाव ओळखायची टेस्ट ५७ देशांत झाली, २०२२ मध्ये छापून आली, त्यात ३६ देशांत बाया पुढे, बाकीच्यांत सारखेच, अन पुरुष पुढे असा एकही देश नाही.

पण मला उठून बसवलं ते २००१ च्या क्लाइन अन हॉजेसच्या प्रयोगानं. व्हिडिओतल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं होतं. बरोबर ओळखलं तर पैसे, असं सांगितल्यावर मुलांचा अन मुलींचा फरकच मिटला. पैसे! मला डोळ्यांसमोर गाडीची किल्लीच दिसली. अन नेदरलँड्समध्ये १३ ते १८ वर्षांच्या पोरापोरींना वर्षानुवर्षं विचारत गेले, २०१४ चा तो अभ्यास, तर मुलांची दुसऱ्याबद्दलची काळजी मधल्या वर्षांत खाली जाते अन मग परत वर येते. आमचा अजून खालीच आहे असं दिसते.

सकाळी त्याला सरळ पकडलं. "बाबांचं चपलेवरून कळते तुला, मग आईचं काऊन नाही कळत?"

पोहे खाता खाता तो म्हणे, "आईकडे किल्ली कुठं असते?"

मला काही बोलताच आलं नाही. आई ओट्याशी उभी होती, ऐकलं तिनं, पण कढईतून मान वर नाही केली. संध्याकाळी ती आली तेव्हा हा दिवाणवरच लोळत होता मोबाइल घेऊन. तिच्याकडे पाहिलं, उठला अन म्हणे, "कूलर लावू का?"

"आधी पाणी टाक त्यात," आई म्हणाली, "कालपासून कोरडा आहे."

पाच बादल्या लागल्या. मी मोजल्या, उचलली एकही नाही.