डोळ्यांवर पट्टी बांधून काय कळतं?

इथे जपानमध्ये प्राथमिक शाळेत तिसरीपासून एक वेगळाच तास असतो. त्याला ठरलेलं पाठ्यपुस्तक नाही, विषय शाळेनेच निवडायचा. बऱ्याच शाळा चौथीच्या वर्गासाठी अपंगत्व हा विषय घेतात. लेक यंदा चौथीत आहे आणि पालकांना वर्गात मागे उभं राहून तास बघता येतो, त्यामुळे मला हे सगळं जवळून बघायला मिळालं.

सुरुवात झाली डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याने. एकाच्या हातात पांढरी काठी, दुसऱ्याने वाट दाखवायची. जिन्यापाशी आल्यावर निम्मी मुलं किंचाळली, उरलेली खिदळली. नंतर वहीत जे उतरलं ते ठरलेलंच: ‘फार भीती वाटली’, ‘बिचाऱ्यांना किती त्रास होत असेल’. मला हा प्रकार तितकासा पटत नाही. पाच मिनिटांच्या अंधारात मुलांना फक्त स्वतःची धांदल कळते. वर्षानुवर्षं काठीने वावरणारा माणूस स्वयंपाक करतो, गाडी बदलून कामावर जातो, त्यातलं काहीच त्या पट्टीआड दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात मात्र खरी मजा आली. एक अंध गृहस्थ पाहुणे म्हणून आले. व्यवसाय मसाज आणि ॲक्युपंक्चरचा. इथे अंधांची ही परंपरा शतकांची आहे. त्यांनी पिशवीतून दुधाचा लिटरचा खोका काढला आणि मुलांना डोळे मिटून त्याची वरची कड चाचपायला लावली. तिथे अर्धगोल खाच असते. खाच म्हणजे आत दूध, रस नव्हे. आणि खोका उघडायचा तो खाचेच्या विरुद्ध बाजूने. रोज घरात येणारा खोका, पण वर्गातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. (मलाही नव्हतं, पण मी मागे उभी होते म्हणून सुटले.) शाम्पूच्या बाटलीवरच्या रेघाही त्याचसाठी, १९९१ मध्ये काओ कंपनीने त्या सुरू केल्या.

मग प्रश्नांची सरबत्ती. स्वप्नं दिसतात का? मोज्यांची जोडी कशी लावता? बायको चिडलीये हे कसं कळतं? शेवटच्या प्रश्नावर ते खो-खो हसले. ‘दार आपटल्याचा आवाज येतो की!’ त्यांनी मुलांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली: आधी विचारा, मग हात लावा. काठी किंवा मनगट धरून ओढायचं नाही. आपला कोपर पुढे करायचा, ते धरतील, आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं.

अंधांना पायाने आणि काठीने वाट कळावी म्हणून रस्त्यावर बसवलेल्या पिवळ्या, उठावाच्या लाद्यांकडेही मग मुलांनी मोर्चा वळवला. सेइइची मियाके यांनी शोधलेल्या या लाद्या १९६७ मध्ये ओकायामात अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या गेल्या. उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे जपून. त्यांवर आडव्या लावलेल्या सायकली मोजून मुलांनी मोठा तक्ता केला. पालकांपैकी काहींचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होते.

एका मुलाने पाहुण्यांना विचारलं, ‘तुम्ही लहानपणी आमच्याच शाळेत होतात?’ ते म्हणाले, ‘नाही. लांबच्या अंधशाळेत, वसतिगृहात. गल्लीतली मुलं मला सुट्टीपुरतीच माहीत.’ बाईंनी लगेच पुढचा प्रश्न घेतला.

खरी गोम तिथेच आहे. जपानने अपंग हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०१४ मध्ये स्वीकारला, भेदभावविरोधी कायदा २०१६ पासून लागू आहे. तरीही विशेष शाळा आणि विशेष वर्ग वेगळेच आहेत, आणि ही विभागणी थांबवा असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं. विशेष शाळांत तज्ज्ञ शिक्षक आणि साधनं मिळतात, म्हणून अनेक पालकांना त्या हव्याही असतात, हेही खरं. पण बाकावर शेजारी बसणारा मित्र जे शिकवतो ते तासाभराच्या पाहुण्याने कसं शिकवावं?

पुढच्या सत्रात जवळच्या विशेष शाळेतली मुलं येणार आहेत, बोच्चा खेळायला. (पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू टाकायचे, असा हा खेळ.) टोकियो पॅरालिम्पिकमध्ये हिदेताका सुगिमुरा यांनी त्यात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हापासून हा खेळ इथे बराच माहीत झालाय. हे दर महिन्याला का नाही, असं मी बाईंना विचारलं. वेळापत्रकात बसत नाही म्हणाल्या. पालकसभेत मी हा मुद्दा मांडणार आहे; दोन आयांनी आत्ताच होकार दिलाय.