समर्थांचे अकरा मारुती : शहापूरपासून मनपाडळ्यापर्यंत

समर्थ रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती एका दिवसात ‘करून’ येणारे लोक आहेत. पहाटे पुण्याहून निघायचं, प्रत्येक देवळात पाच मिनिटं, एक सेल्फी, मध्यरात्री घरी. होतं, नाही असं नाही. पण नंतर मसूरचा कुठला आणि शहापूरचा कुठला हे मोबाइलमध्ये बघूनच सांगावं लागतं. आमच्यासोबत आई होती, तिचे गुडघे होते, म्हणून आम्ही कराडला मुक्काम धरून सावकाश फिरलो. हा वृत्तांत सावकाश जाणाऱ्यांसाठी आहे.

आधी क्रमाचं बोलू. समर्थांच्या शिष्या वेणास्वामी यांच्या अभंगात या अकराही मारुतींची यादी येते आणि बरेच जण ती हातात घेऊनच निघतात. पण त्यात चाफळ आणि उंब्रजनंतर चौथा लागतो तो पारगावचा, म्हणजे थेट कोल्हापूर जिल्हा. तिथून पाचव्यासाठी पुन्हा मागे मसूरला! अभंग पाठ करायला आहे, गाडी हाकायला नाही. स्थापनेचे शक मात्र रस्त्याला बरेच धरून आहेत. परंपरेने सांगितलेला पहिला मारुती शहापूरचा, शके 1566 म्हणजे साधारण 1644 चा. त्यानंतर मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव, म्हणजे शहापूर धरून सात, शके 1571 पर्यंत उभे राहिले, आणि हे सगळे उंब्रजच्या आसपास एका दिवसात आरामात फिरता येतील इतके जवळ आहेत. बहे, मनपाडळे, पारगाव आणि शिराळा हे दक्षिणेकडचे चार शके 1573 ते 1576 मधले. म्हणजे समर्थांचं काम आधी कृष्णाकाठी चाफळभोवती रुजलं आणि मग वारणेपर्यंत गेलं, हे गाडीच्या काचेतून दिसत जातं. म्हणून माझं मत: पहिल्या दिवशी सात, दुसऱ्या दिवशी चार. उलटं करू नका.

आम्ही आदल्या संध्याकाळी सज्जनगडावर गेलो. अकरांत याचा समावेश नाही, पण साताऱ्यावरून जाताना तो टाळून पुढे जाणं आईला पटलं नसतं. समर्थ 1676 पासून इथे राहिले आणि शके 1603 च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे 1682 साली, इथेच देह ठेवला. गाडी बरीच वर जाते, तरी पायऱ्या उरतातच. गुडघेदुखीवाल्यांनी काठी घ्यावी आणि उन्हाच्या आधी चढावं. गडावर राहण्याची आणि महाप्रसादाची सोय आहे. रात्री दरवाजा बंद होतो, त्यामुळे मुक्काम करायचा तर अंधाराआधी पोहोचा. दासनवमीच्या दिवसांत खोली मिळेल अशी आशा धरू नका. भल्या पहाटे काकड आरतीला नक्की उठा. थंडीत गडावरचा वारा चांगलाच बोचतो, मफलर विसरू नका.

सकाळी महामार्गाने उंब्रज, आणि तिथून आधी पूर्वेला मसूर-शहापूर. शहापूरचा मारुती चुन्याचा आहे आणि त्याचा चेहरा उग्र आहे. गावच्या बाजीपंत कुलकर्ण्यांच्या घरी समर्थ भिक्षेला यायचे. घरातल्या सतीबाईंना त्या ‘जय जय रघुवीर समर्थ’चा आधी राग यायचा, पुढे बाजीपंतांवर संकट आलं, समर्थांनी सोडवून आणलं आणि त्या शिष्या झाल्या, अशी कथा सांगतात. आम्ही गेलो तेव्हा देवळात दुसरं कुणी नव्हतं. आईने भीमरूपी पूर्ण म्हटलं, मी दोन ओळींनंतर नुसते ओठ हलवले.

मसूरचाही चुन्याचाच, पण काय फरक! अकरांतला सर्वांत देखणा हाच असं अनेक जण म्हणतात, आणि मला तरी वाद घालावासा वाटला नाही. चेहरा सौम्य, रंगकाम नीट राखलेलं. इथे घाई करू नका. कल्याणस्वामींची गोष्टही मसूरचीच सांगतात: विहिरीवर आलेली झाडाची फांदी अंबाजी नावाच्या शिष्याने तोडली आणि तिच्यासकट तो खाली गेला. समर्थांनी वरून ‘कल्याण आहे ना?’ विचारलं, आणि आतून ‘कल्याण आहे’ असं उत्तर आलं. तोच अंबाजी पुढे कल्याणस्वामी झाला. ज्यांना गाडी नको त्यांच्यासाठी एक सोय म्हणजे मसूरला पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे.

उंब्रजला परत आल्यावर नुसतं ‘मारुतीचं देऊळ कुठे’ विचारलंत तर भलत्याच देवळाकडे हात दाखवतील. ‘मठातला मारुती’ म्हणा. ही मूर्ती चुना, वाळू आणि ताग यांची. पावणेचारशे वर्षांपूर्वी गावात मिळेल त्या वस्तूंनी देव घडवला, हे मला या सगळ्या यात्रेत सर्वांत विलक्षण वाटलं. म्हणूनच, पुजारी नको म्हणाले तर तेल-शेंदूर लावायचा हट्ट धरू नका. अशा मूर्तीला तो सोसतोच असं नाही.

चाफळच्या वाटेवर माजगाव लागतं. वेशीवर घोड्याच्या आकाराचा दगड होता, लोक तोच मारुती म्हणून पुजायचे, समर्थांनी त्यावरच मूर्ती कोरवून घेतली. दहा मिनिटांचं काम.

चाफळला मात्र दोन-तीन तास द्या. मांड नदीच्या काठी रामाचं मोठं मंदिर आहे. समर्थांना अंगापूरच्या डोहात रामाची मूर्ती मिळाली आणि 1648 साली त्यांनी ती इथे बसवली. रामासमोर हात जोडून उभा आहे तो दास मारुती. हा बघून बरेच जण परत फिरतात, आणि मंदिरामागचा प्रताप मारुती राहूनच जातो. तो चुकवू नका. शेपटी डोक्यावर मुरडलेली, पायाखाली राक्षस. भीमरूपीतलं वर्णन समोर उभं. एकाच आवारात एक नम्र आणि एक रणातला, हे दोघे मुद्दाम असे ठेवले असतील असं मला वाटतं. संक्रांतीला इथे सीतामाईच्या वाणवशासाठी बायकांची प्रचंड गर्दी असते. ज्यांना ती हवी त्यांनी तेव्हा जावं, बाकीच्यांनी तो दिवस सोडून. रामनवमीचंही तेच.

चाफळहून किलोमीटरभरावर शिंगणवाडीचा मारुती, टेकडीवर. खडीचा मारुती किंवा बालमारुती म्हणतात. देऊळ अगदी लहान, पण वारा आणि खालच्या खोऱ्याचा देखावा यामुळे आई इथेच सर्वांत जास्त वेळ बसली. शिवाजी महाराज आणि समर्थांची भेट इथे झाली अशी परंपरा आहे. त्या भेटीच्या सालावरून इतिहासकारांचे वाद आहेत, आमच्या गाडीतही झाले. कराडला पोहोचेपर्यंत मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिलं बहे. कराडहून इस्लामपूर (आता ईश्वरपूर) आणि तिथून बोरगावच्या अंगाला. रेल्वेने येणाऱ्यांना ताकारी स्टेशन जवळ. कृष्णेच्या मधल्या बेटावर रामलिंगाचं देऊळ आहे आणि त्याच्यामागे दोन्ही हात पसरून नदी अडवणारा मारुती. राम शिवलिंगाची पूजा करत असताना कृष्णेला पूर आला आणि मारुतीने बाहूंनी पाणी दोन बाजूंना वळवलं, ही इथली कथा. समर्थांनी मूर्ती डोहातून काढली असंही सांगतात. जागा फार सुंदर, पण पावसाळ्यात धोक्याची. कोयनेतून पाणी सोडलं की इथली पातळी वाढते, बेटावर जाता येत नाही. जुलै ते सप्टेंबरमध्ये निघण्याआधी स्थानिक बातम्या बघा, आणि पाणी काठाला असेल तर लांबून नमस्कार करा.

तिथून पेठ नाक्यावरून शिराळा. मारुती एसटी स्टँडजवळच आहे, शोधावा लागत नाही. मूर्ती सुमारे सात फूट उंच, भव्य. खिडक्या अशा ठेवल्या आहेत की उगवतीचा आणि मावळतीचा उजेड चेहऱ्यावर पडावा. आम्ही भर दुपारी पोहोचलो, तेव्हा तो खेळ पाहायला मिळाला नाही. त्यासाठी इथे मुक्काम करायची ज्यांची तयारी असेल त्यांनी जरूर करावा. नागपंचमीच्या गर्दीत मात्र बत्तीस शिराळ्यात (म्हणजे याच गावात) गाडी घालू नका.

शिराळ्याहून महामार्गाला न येता मांगले-काखे पुलावरून कोडोलीकडे उतरलो. वारणेच्या काठाने दोन्हीकडे ऊस. पूर असेल तर हा रस्ता सोडा आणि महामार्गाने वाठारपर्यंत या. जुन्या पारगावचा मारुती अकरांत सर्वांत लहान, जेमतेम दीड फूट. शिराळ्यानंतर लगेच हा बघितला की मजा येते. ‘जुने पारगाव’ असंच विचारा, कारण जवळच नवे पारगावही आहे आणि मॅप तिकडे नेतो. मनपाडळ्याचा शेवटचा. गावातल्या एका आजींनी आईला ‘पोरी, दमलीस व्हय’ म्हणून पाणी दिलं. आई सत्तरीची आहे, ती दिवसभर त्या ‘पोरी’वर खूश होती.

काही सुट्या गोष्टी. गावातली लहान देवळं दुपारी बंद असू शकतात, तेव्हा शेजारच्या घरी विचारलं की कुणीतरी सांगतं. शनिवारी सगळीकडे गर्दी, त्यातही चाफळ आणि शिराळ्याला जास्त. पहिल्या दिवसाचे सात एसटी आणि रिक्षा मिळून होतात, दक्षिणेचे चार त्या भरवशावर एका दिवसात धरू नका. सुटे पैसे आणि फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा, कारण पुण्याहून कोल्हापूरपर्यंत टोलनाके बरेच आहेत आणि सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीकरणामुळे वळसेही. आणि गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, वाळवा आणि वारणा भागात अंधार पडायच्या आत गाडी महामार्गाला आणा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतात आणि शेवटची ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते.