क्लाउडवरची टॅली: रिमोट सेशन की प्रत्येक पीसीवर क्लायंट? – माझा अनुभव

पुण्यात मुख्य ऑफिस, नाशिक आणि कोल्हापूरला डेपो, टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे 11 जण. डेटा मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, विंडोज सर्व्हरवर न्यायचं नक्की होतं. प्रश्न होता तो प्रोग्रॅम कुठे चालवायचा याचा. प्रत्येक पीसीवर टॅली (क्लायंट) ठेवून व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी जोडणीतून, सर्व्हरवरचा डेटा फोल्डर उघडायचा, की टॅली सर्व्हरवरच चालवून शाखांना फक्त स्क्रीन द्यायची (रिमोट सेशन)? लोकांना नवीन काही शिकवावं लागणार नाही म्हणून आधी पहिला मार्ग धरला. तो चुकला.

टॅलीचा डेटा फाइलींमध्ये असतो. एक व्हाउचर (व्यवहाराची नोंद) सेव्ह करताना त्या फाइलींत लहान लहान वाचणं-लिहिणं बरंच होतं, आणि प्रत्येक वेळी उत्तराची वाट पाहावी लागते. ऑफिसच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) ही फेरी 1 मिलिसेकंदाच्या आत होते. नाशिकहून व्हीपीएनने पिंग, म्हणजे एका फेरीचा वेळ, 28 मिलिसेकंद येत होता. अशा 400 फेऱ्या धरल्या तरी 11 सेकंदांच्या वर गेलो. आम्ही लाईन 50 वरून 100 एमबीपीएस केली, काडीचा फरक पडला नाही. पाइप रुंद केला म्हणून अंतर कमी होत नाही. हे मोजायला पैसे लागत नाहीत, कमांड प्रॉम्प्टवर दुपारच्या गर्दीत पिंग मारून बघा आणि मगच ठरवा.

वेगापेक्षाही मोठं कारण म्हणजे लाईट जाणं. राउटर बंद पडला की क्लायंटचं लिहिणं अर्ध्यात तुटतं आणि मग ऑल्ट-वाय दाबून डेटा रिपेअर करत बसावं लागतं. रिमोट सेशनमध्ये तुटते ती फक्त स्क्रीन. सर्व्हरवर व्हाउचर तसंच उघडं असतं, पुन्हा जोडलं की कर्सर त्याच रकान्यात सापडतो. माझ्या मते निर्णय इथेच लागतो.

पूर्ण डेस्कटॉप न देता आम्ही रिमोटअ‍ॅप दिलं. आयकॉनवर क्लिक केलं की फक्त टॅलीची खिडकी उघडते. पूर्ण डेस्कटॉप दिला की लोक सर्व्हरवरच ब्राउझर उघडतात, आणि टॅलीपेक्षा रॅम तोच खातो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. डेपोत 10 बाय 12 इंचांच्या, रकाने आधीच छापलेल्या बिलांच्या कागदावर प्रिंट काढतात. रिमोट सेशनमधून छापताना विंडोजची ईझी प्रिंट ही सोय पानाचं चित्र करून पाठवतं, त्यामुळे प्रिंटर अक्षरं न छापता ठिपके काढत बसतो. एक बिल खूप वेळ घेतं आणि दर पानाला मजकूर थोडा थोडा सरकतो. पहिलं बिल बरोबर दिसतं, आठव्या-दहाव्या बिलाला एकूण रक्कम थेट छिद्रांच्या रेषेवर येते. म्हणून चाचणी एका पानावर थांबवू नका, सलग वीस काढा. उपाय असा: सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या सामाईक नियमांत) ईझी प्रिंटला प्राधान्य देणारी सेटिंग बंद करायची. शाखेच्या पीसीवर ज्या नावाचा ड्रायव्हर आहे, अगदी त्याच नावाचा सर्व्हरवर टाकायचा. प्रिंट सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये 10 बाय 12 चा फॉर्म तयार करायचा. आणि टॅलीत प्रिंटचा प्रकार नीट मोडऐवजी डॉट मॅट्रिक्स निवडायचा. यातली एक पायरी गाळली तरी पान सरकतं.

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन मात्र सर्व्हरकडे नेऊ नका. रिमोट सेशनमध्ये विंडोज स्मार्टकार्ड (टोकन त्यातलाच प्रकार) तुमच्या समोरच्या पीसीवर शोधतं, त्यामुळे टोकन सर्व्हरलाच लावला तर सेशनमधून तो दिसतच नाही. शिवाय सही करणारी पोर्टलची युटिलिटी त्या मशीनच्या ठरावीक पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर) चालते. एकाच सर्व्हरवर दोघांनी ती उघडली की पोर्टसाठी भांडण. सही आणि जीएसटी पोर्टल लोकल पीसीवरच ठेवलं. त्यातून पुढची अडचण आली: टॅलीतून काढलेली जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) ची जेसन फाइल सर्व्हरच्या ड्राइव्हवर जाते आणि अकाउंटंट ती स्वतःच्या डी ड्राइव्हवर शोधत बसतो. सगळे ड्राइव्ह जोडून दिले तर व्हायरसलाही वाट मिळते. आम्ही एकच सामायिक फोल्डर ठेवला आणि टॅलीची एक्स्पोर्टची वाट तिथे वळवली.

मराठीत नॅरेशन (नोंदीखालचा तपशील) टाइप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे) मराठी कीबोर्ड विंडोज 10 मध्ये 2019 च्या अपडेटपासून आला. विंडोज सर्व्हर 2019 त्याआधीच्या बांधणीवर आहे, तिथे तो मिळत नाही. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवाल्यांना अडचण नाही.

लायसन्सचं आधीच बघा. टॅलीचं सिल्व्हर एका माणसापुरतं, अनेक सेशन्सना गोल्ड लागतं. जुन्या मशीनवरून ते सरेंडर करून मगच सर्व्हरवर चालू करायचं. रिमोट डेस्कटॉपची लायसन्सं वेगळी, माणसागणिक किंवा मशीनगणिक. ती नसतानाही 120 दिवस सगळं सुरळीत चालतं, म्हणून विसरायला होतं. मुदत संपली की सकाळी कुणालाच आत जाता येत नाही, फक्त अ‍ॅडमिन शिरू शकतो. रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. आम्ही 443 वरच्या गेटवेमागून जातो, आणि पाच चुकीच्या पासवर्डनंतर खातं बंद होतं.

तुटलेली सेशन्स आपोआप संपत नाहीत, मूळ सेटिंगच तशी असते. लोक संध्याकाळी खिडकी तशीच सोडून जातात, टॅलीतली कंपनी (तिचा डेटा) उघडी राहते आणि रात्रीच्या बॅकअपला नीट प्रत मिळत नाही. दोन तासांची मर्यादा घातली. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांतल्या ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज घ्यावाच लागतो, त्यामुळे रात्री साडेदहाला उरलीसुरली सेशन्स बंद होतात आणि अकराला प्रत निघते. महिन्यातून एकदा ती प्रत वेगळ्या मशीनवर उघडून ट्रायल बॅलन्स जुळवून बघतो.