भाड्याच्या घरातली तुळस

"राहायला कुठे?" असं कुणी विचारलं की मी "कर्वेनगर" म्हणते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "स्वतःचा ना?" त्या 'ना'ला मी गेली १४ वर्षं "नाही" म्हणत आलेय. मग समोरचा माणूस आवाज खाली आणून म्हणतो, "होईल हो तुमचंही."

२०११ साली होणारच होतं. फ्लॅट बघून झाला होता, किंमत ५० लाख. आमच्याकडे १२ लाख जमले होते. बँक ४० लाख द्यायला तयार होती. मुद्रांक शुल्क, नोंदणी, स्वयंपाकघराचा ओटा यांना कमी पडतील ते आण्णा, म्हणजे माझे वडील, देणार होते. टोकन द्यायच्या आदल्या रात्री मी हप्त्यांचा तक्ता काढला. मी एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे ही खोड आहेच. साडेदहा टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता येत होता ३९,९०० रुपये. हे बँकेच्या माणसाने सांगितलंच होतं. त्याने सांगितलं नव्हतं ते असं, की पहिल्या हप्त्यातले ३५,००० नुसतं व्याज होतं. मुद्दल फिटणार होतं पाच हजारांच्याही आतलं.

त्याच इमारतीत, त्याच मापाचा फ्लॅट भाड्याने १२,००० ला मिळत होता.

भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण मग व्याज कुठे जातं? महिन्याला १२ हजार पाण्यात टाकायचे की ३५? नवऱ्याला उठवून तक्ता दाखवला. तो झोपेतच म्हणाला, "तुझं काय म्हणणं आहे ते एका वाक्यात सांग." मी म्हटलं, "घर नको."

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. "भाड्याचं घर, खाली कर" ही म्हण मात्र त्यांनी स्वयंपाकघरातून भांड्यांना ऐकवली. आण्णांचं दुखणं वेगळंच होतं. साताऱ्यातलं घर त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून बांधलं. 'घर पाहावं बांधून' हे त्यांनी खरंच बांधून पाहिलेलं. वर उरलेले पैसे सरकारी म्हणून निर्धास्त मानलेल्या एका योजनेत ठेवले होते, ती २००१ च्या जुलैमध्ये सहा महिन्यांसाठी गोठवली गेली. तेव्हापासून कागदावरच्या पैशावर त्यांचा विश्वास नाही. भिंतीवर हात मारून ते म्हणायचे, "ही कुठे पळून जात नाही." याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही.

हप्ता आणि भाडं यांत महिन्याला २८,००० चा फरक. तो सगळा गुंतवायचा, असं ठरलं. प्रत्यक्षात गुंतले १५,०००. बाकीचे कुठे गेले ते विचारू नका. गाडी आली, मुलीची शाळा आली, भाडं दरवर्षी चढत गेलं. घर न घेण्याच्या गणितातली खरी गोम हीच आहे. बँक हप्ता वसूल करायला मागे लागते, स्वतःच्या मागे लागायला कुणी नसतं. म्हणून पगार झाल्यावर दोन दिवसांत खात्यातून पैसे आपोआप कापले जातील, अशी सोय केली. ते गेले निफ्टीवरच्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वरखाली होणाऱ्या म्युच्युअल फंडात. २०१३ मध्ये मधल्या एजंटाशिवाय घ्यायच्या थेट योजना आल्या, तेव्हा कमिशन वाचवायला तिकडे वळले. याखेरीज फंडाशी मी काही चाळे केले नाहीत. आधीचे १२ लाख एफडी आणि पीपीएफमध्ये.

आता वाईट बाजू. १४ वर्षांत चार घरं झाली. एका घरात खिळा ठोकायला मनाई होती, तिथे कॅलेंडर वर्षभर फ्रिजवर चिकटवलेलं. २०२३ च्या जानेवारीत मालकांनी मुलाचं लग्न ठरलंय म्हणून घर रिकामं करायला सांगितलं, आणि मुलीची दहावी मार्चमध्ये. तिने बीजगणिताची उजळणी खोक्यांवर बसून केली. त्या दिवसांत कुणी मला तो तक्ता दाखवला असता तर मी तो फाडला असता. दरवेळी टेम्पो, गॅसचं ठिकाण बदलणं, आधारवरचा पत्ता, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती. करार अकरा महिन्यांचाच, सवयीने. आपल्या राज्यात त्याचीही नोंदणी लागतेच.

आणि २०२० चा मार्च. जानेवारीत फंडात २६ लाख दिसत होते. २३ मार्चला एका दिवसात निफ्टी १३ टक्के पडला, आणि माझा आकडा १७ वर आला. भरलेले होते साडेपंधरा. नऊ वर्षांची कमाई म्हणजे दीड लाख! आण्णांचा फोन आला, पण ते फक्त "धान्य भरून ठेवलंस का?" एवढंच म्हणाले. भिंतीचा विषय काढला नाही, म्हणून जास्त लागलं. त्या दिवशी हिशेब मांडला असता तर मी हरलेलीच होते, फ्लॅटवाले पाचेक लाखांनी पुढे होते.

या ऑगस्टमध्ये पुन्हा मांडला. तो फ्लॅट आज कोटीच्या आसपास जातो. त्याच दराने हप्ते भरत राहिलो असतो तर अजून २१ लाखांचं कर्ज शिल्लक असतं, म्हणजे हातात ७९. आमचा फंड ७० च्या घरात, एफडी-पीपीएफ धरून ९८. फरक वीसेक लाखांचा. यावर कुणाचं डोकं फिरावं असं काही नाही, आणि बाजार पुन्हा पडला तर महिन्याभरात पुसलाही जाईल.

माझ्या लेखी मोठी गोष्ट २०१८ मध्ये झाली. नवऱ्याला कारखान्यातली नोकरी असह्य झाली होती. रविवारी संध्याकाळपासूनच त्याचं पोट बिघडायचं. त्याने ती सोडून एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवायला सुरुवात केली, निम्म्या पगारावर. अडीच वर्षं आम्ही थोड्या लहान घरात राहिलो. ४० हजारांचा हप्ता डोक्यावर असता तर हा विषय आमच्या घरात निघालाच नसता. तो पोटावर हात ठेवून कामावर जात राहिला असता. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आण्णा आता ८१ वर्षांचे आहेत. दिवाळीत त्यांना मोबाइलवर फंडाचा आकडा दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बरं. मग आता घर घे."

घ्यायचंही कदाचित, साठीच्या आसपास, रोखीने, कुठेतरी लहान गावात. अजून ठरलेलं नाही. सध्या करार संपत आलाय. भाडं २७ आहे, मालकांना २९ हवेत, मी २८ म्हणणार आहे. सासूबाईंनी परवा तुळशीची कुंडी बदलली. जुनी मातीची जड होती. आता प्लास्टिकची आणलीये, दोन्ही बाजूंना कान असलेली.