पडदे नसताना सूर कसा सापडतो?

कार्यक्रम संपला की कुणीतरी जवळ येतं, व्हायोलिनच्या मानेवर वाकून बघतं आणि विचारतं, "यावर सतारीसारखे पडदे नाहीत, खुणा नाहीत. मग बोट नेमकं कुठे ठेवायचं ते कसं कळतं?" मी तेव्हा तारांवरची राळ पुसत असते. दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि अपुरं सांगितल्याची चुटपुट मागे राहते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

सुरुवातीला मलाही ते कळत नव्हतं. फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या बोटं दाबायच्या पट्टीवर, चिकटपट्टीच्या चार बारीक रेघा होत्या आणि मान वाकडी करून मी त्या रेघांकडे बघत वाजवायचे. काही महिन्यांनी गुरूंनी त्या काढून टाकल्या. मला रडू आलं. पुढे कितीतरी दिवस एकच काम होतं: पुढचा सूर आधी तोंडाने गायचा, मग तारेवर शोधायचा. गाताना चुकले तर ते तारेला बोट लावू द्यायचे नाहीत. तेव्हा राग यायचा. आज शिकवताना मी हेच करून घेते.

नुसत्या जागा पाठ करून भागत नाही. पूर्ण मापाच्या व्हायोलिनच्या तारेची वाजणारी लांबी साधारण ३३ सेंटिमीटर. खुंट्यांच्या बाजूला पहिल्या अर्ध्या सुरासाठी बोट जेमतेम १८ मिलिमीटर पुढे जातं. एक सप्तक वर गेलं की हेच अंतर ९ मिलिमीटर होतं. तिथे दोन बोटं शेजारी शेजारी मावतसुद्धा नाहीत, एक उचलून दुसऱ्याला जागा करून द्यावी लागते.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. जी, डी, ए, ई या चार तारांत प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. डीच्या तारेवर पहिलं बोट ठेवून ई हा सूर काढा, शेजारची मोकळी ए सोबत वाजवा आणि दोन्ही सूर एकमेकांत मिसळेपर्यंत बोट सरकवा. जुळलं? आता बोट तिथेच ठेवून ए सोडा आणि दुसऱ्या बाजूची मोकळी जी सोबत घ्या. तोच सूर आता खुपतो, चढा वाटतो. जीशी जुळवायचा तर बोट जवळजवळ साडेतीन मिलिमीटर मागे घ्यावं लागतं. एकाच नावाच्या सुराच्या या दोन जागा, आणि दोन्ही बरोबर! डीला षड्ज मानलं तर हे दोन रिषभ झाले, एकाची कंपनं षड्जाच्या ९/८ पट, दुसऱ्याची १०/९ पट. श्रुतींचा, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांचा, अभ्यास करणाऱ्यांना ते ओळखीचे असतील. मला मात्र ते पुस्तकात कळले नाहीत, बोटाखाली कळले, आणि त्या दिवशी चिकटपट्टीचं दुःख संपलं. रेघ मारायची तरी कुठे?

इटालियन व्हायोलिनवादक ज्युसेप्पे तार्तिनी (१६९२–१७७०) याने तर आणखी एक गोष्ट हेरली होती. दोन तारा एकत्र वाजवताना सूर चोख जुळले, की खाली एक तिसरा, न वाजवलेला सूर ऐकू येतो. दुहेरी सूर जुळलेत की नाहीत, हे तो त्यावरून पारखायचा.

रंगमंचावर यातलं सगळंच अवघड होतं. भीतीने उजवा हात थरथरतो आणि संथ, लांब गजात ती थरथर लगेच ऐकू येते. पण माझ्या मते त्याहून वाईट म्हणजे घाबरलं की ऐकणंच कमी होतं, हात नुसता सवयीने चालत राहतो. एका कार्यक्रमात दिव्यांच्या उष्णतेने ए तार हळूहळू उतरली. थांबून खुंटी पिळायला उसंत नव्हती. बोटं रोजच्या जागी पडत होती आणि त्या तारेवरचा प्रत्येक सूर उतरलेला. दोन ओळी तशाच गेल्या, मग कान जागा झाला. ए तारेवरचं प्रत्येक बोट मी घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या, दिशेने किंचित पुढे नेलं, आणि मोकळी ए जिथे यायची तिथे तो सूर डीवर चौथ्या बोटाने काढला. शेवटपर्यंत असंच निभावलं. लहानपणी आधी गाऊन घेतलेले सूर डोक्यात पक्के नसते, तर तेवढंही जमलं नसतं.

घरी व्हायोलिन असेल तर एक करून बघा. ए तारेवर तिसरं बोट ठेवून वरचा डी काढा, आणि नजर शेजारच्या मोकळ्या डी तारेवर ठेवा. तिला गज लावायचा नाही. बोट केसभर मागेपुढे करत राहा. बराच वेळ काही होणार नाही. मग एका जागी आवाज एकदम उघडेल आणि ती न छेडलेली तार थरथरताना दिसेल. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा दचकून मी गज उचलला, तरी ती वाजतच होती.