मोरचूद, कोबाल्ट आणि मोलिब्डेट

धातूंची रंगीत मोलिब्डेटं (मोलिब्डेनम आणि ऑक्सिजन असलेले क्षार) करायची तर आधी सोडियम मोलिब्डेटचं द्रावण हवं. ते रसायनांच्या दुकानात मिळतं. नाहीतर कृषी सेवा केंद्रात सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून अमोनियम मोलिब्डेट विकतात, कारण कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींना नत्र बांधायला मोलिब्डेनम लागतं.

त्यापासून सोडियम मोलिब्डेट करायचं तर १२.३६ ग्रॅम अमोनियम मोलिब्डेट आणि ५.६ ग्रॅम कॉस्टिक सोडा १०० मिली पाण्यात घालून मोकळ्या हवेत उकळा. अमोनियाचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, मध्येमध्ये पाणी घालत राहायचं. इथली घाई नडते. अमोनिया उरला तर तांबं त्याच्याशी जोडी जमवून गडद निळं होतं आणि साका (द्रावणातून वेगळा होऊन खाली बसणारा घन भाग) नीट बसत नाही. थंड झाल्यावर पाणी घालून एकूण १४० मिली करा. आता ४० मिलीमध्ये ०.०२ मोल (पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) मोलिब्डेट आहे. पीएच ७ ते ८ हवा.

पाणी डिस्टिल्डच घ्या, बॅटरीसाठी विकतात ते चालतं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम मोलिब्डेटचा पांढरा गढूळपणा येतो आणि नंतरचे सगळे रंग फिके पडतात.

तांब्यासाठी ५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० मिली पाण्यात विरघळवून गाळून घ्या. बोर्डो मिश्रणासाठी (पिकांवरच्या बुरशीचं औषध) विकतात त्या मोरचुदात लोह असू शकतं, म्हणून एकदा पुन्हा स्फटिक पाडलेले बरे. मोलिब्डेटचे ४० मिली ८०–९० अंशांवर ठेवून त्यात हे द्रावण थेंबाथेंबाने सोडा आणि अर्धा तास तसंच गरम ठेवा. द्रावणं थंड असताना मिसळली तर चिकट लगदा होतो आणि गाळणकागद तुंबतो. गरम ठेवलेला साका दाणेदार, फिकट हिरवा होतो. हे साधं मोलिब्डेट नसून हायड्रॉक्साइड असलेलं संयुग आहे. निसर्गात हेच लिंडग्रेनाइट, चिलीतल्या चुकिकामाता खाणीतून वर्णन झालेलं खनिज. साका बसताना आम्ल सुटतं. मोलिब्डेट जादा घेतलेलं असल्यामुळे ते आम्ल पचतं. कॉस्टिक सोडा जास्त झाला असेल तर मात्र निळं हायड्रॉक्साइड पडतं आणि उकळल्यावर काळं होतं.

खरी गंमत कोबाल्टची. ४.७६ ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड (सहा पाण्यांचं, म्हणजे स्फटिकात पाण्याचे सहा रेणू असलेलं) घेऊन कृती तीच. जांभळट साका मिळतो. धुऊन वाळवून पोर्सिलेनच्या मुशीत ५०० अंशांवर तासभर तापवा. पाणी निघून जातं, पूड जांभळी राहते, थंड झाल्यावरही जांभळीच. आता ती खलात जोरात घोटा: हिरवी होते! जांभळ्या रूपात मोलिब्डेनमभोवती चार ऑक्सिजन असतात, हिरव्यात सहा. हिरवं रूप जास्त दाट, म्हणून दाब मिळाला की रचना तिकडे झुकते. ४५० अंशांपलीकडे पुन्हा तापवलं की जांभळा रंग परत येतो. कोबाल्टची पूड श्वासात जाणं घातक आहे, तेव्हा घोटताना एन९५ मास्क आणि हातमोजे हवेतच.

निकेलचंही साधारण असंच चालतं: तापलेलं असताना पिवळं, थंड झालं की हिरवट. पण निकेलची ॲलर्जी अनेकांना असते, मला तो व्याप करावासा वाटत नाही.

धुणं पुरलं का हे पाहताना फसगत होते. मोरचूद वापरलं असेल तर सल्फेट तपासायला बेरियम क्लोराइड टाकतात, पण बेरियम मोलिब्डेटही पांढरंच पडतं. आधी थोडं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. त्यात मोलिब्डेट विरघळतं, सल्फेट विरघळत नाही.

गाळून उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. धुण्याचा सोडा घालून धातू कार्बोनेट म्हणून खाली बसवा, गाळा, आणि मग कॅल्शियम क्लोराइडने मोलिब्डेट बसवा. जास्त मोलिब्डेनम चाऱ्यातून गुरांच्या पोटात गेलं की त्यांच्या शरीरातलं तांबं कमी पडतं. बसलेला गाळ झाकणाच्या बाटलीत, लेबल लावून ठेवायचा.